उन्हाची बाजू

लखीराम राठोडला फार चांगले हरता येत असे.

हे काम दिसते तितके सोपे नाही. समोरचा साहेब हरता कामा नये. आणि आपण मुद्दाम हरतो आहोत, हे त्याला कळताही कामा नये. चेंडू त्याच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, एक पाऊल टाकावे लागेल इतक्याच अंतरावर पडला पाहिजे. शेवटी आकडा सहा-चार यावा. सहा-शून्य आला तर साहेबाला संशय येतो. सहा-चार आला की त्याला घाम येतो, तहान लागते, आणि घरी जाताना तो शीळ घालतो.

लखीराम यवतमाळच्या क्लबाचा मार्कर होता. मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी टेनिस खेळाडू. मेंबराला जोडीदार मिळाला नाही की त्याने मार्करशी खेळायचे. कोर्ट झाडणे, पाणी मारणे, शेण-मुरमाने सारवणे, चुन्याच्या रेघा ओढणे, रॅकेटला तात चढवणे, ही कामेही त्याचीच.

तो आला छप्पन साली. त्या वर्षी जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि साहेबलोक बदलले. नव्या साहेबांना कोर्ट नीट करून हवे होते. दगडी रूळ ओढायला बैल पाहिजे होता. बाभुळगावकडच्या एका बंजारा तांड्यावर बाबुलाल राठोड राहत असे. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. बाबुलालकडे आता दोनच बैल होते आणि थोडे शेत. त्याने एक बैल क्लबाला दिला आणि बैलाबरोबर आपला एकोणीस वर्षांचा मुलगा लखीराम दिला. पावसाळ्याच्या तोंडाशी बैल परत आला. लखीराम आला नाही.

त्याला निजामुद्दीनने ठेवून घेतले होते.

निजामुद्दीन तेव्हा क्लबाचा मार्कर होता. वीस वर्षांचा जुना. गोऱ्या साहेबांशी खेळलेला. लखीरामने एकदा गंमत म्हणून कुंपणापलीकडून चेंडू फेकला, तो नेटवरून जाऊन थेट त्याच्या पायाशी पडला. निजामुद्दीनने त्याच्याकडे पाहिले आणि मोडक्या दांड्याचे एक रॅकेट त्याच्या हाती दिले.

तीन वर्षे त्याने शिकवले. पहाटे साहेब यायच्या आधी खेळ शिकवला. संध्याकाळी साहेब आल्यावर हरणे शिकवले.

"साहेबाले घाम आला पाह्यजे," तो म्हणे, "शरम नाही. हे ध्यानात ठेव. बाकी सगळं हात शिकते."

हाताने शिकले. एकोणसाठ साली निजामुद्दीनचे डोळे गेले. मोतीबिंदू काढला आणि उरलीसुरली नजरही गेली. उजेड-अंधार तेवढा कळे. मग तो नेटच्या खांबाजवळ, पाण्याच्या माठाशेजारी बसू लागला. तात मात्र तोच चढवी. बोटाने तार छेडून तो सांगे, कोणते रॅकेट कोणाचे. लखीराम मार्कर झाला.

कोर्ट आखणाऱ्याने फार पूर्वी एक चूक करून ठेवली होती. कोर्ट उत्तर-दक्षिण असावे लागते. हे पूर्व-पश्चिम होते. संध्याकाळी जो पूर्वेकडे उभा राही, त्याच्या डोळ्यांत सरळ ऊन येई. पश्चिमेकडच्या माणसाच्या पाठीशी ऊन, आणि वर कडुनिंबाची सावली. मेंबर आपसात खेळत तेव्हा नियमाप्रमाणे बाजू बदलत. मार्करशी खेळताना कोणी बदलत नसे. साहेब सावलीला, मार्कर उन्हात. असे कोणी ठरवले नव्हते. पण असे नसेल, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

उन्हाच्या बाजूला, मागच्या रेघेजवळ, मधल्या खुणेच्या थोडे उजवीकडे एक खड्डा पडलेला होता. खड्डा म्हणजे खोल नव्हे. परातीएवढा, बोटभर. मार्कर उभा राहतो ती जागा. लखीराम दर सोमवारी त्यात मुरूम भरी, शेणाने सारवी. पुढच्या सोमवारपर्यंत तो पुन्हा पडे. निजामुद्दीनही वीस वर्षे तो भरत आला होता. जागा तीच होती. पाय बदलले होते.

लखीराम सर्वांत जास्त खेळला तो अंबादास वकिलांशी. आठवड्यातून तीन दिवस, नऊ वर्षे.

वकीलसाहेब माणूस चांगला. लखीरामची बायको जमनी हिच्या बाळंतपणात त्यांनी स्वतःची मोटार दिली होती. कोर्टावर कधी आवाज चढवला नाही. त्यांचा उजवा हात खरोखर भारी होता. त्या हातावर ते साठ सालापासून आठ वर्षे ओळीने जिल्ह्याची स्पर्धा जिंकले होते. क्लबाच्या व्हरांड्यात सागवानी पाटी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत दर साली जिंकणाऱ्याचे नाव लिहीत. खालची आठही नावे त्यांचीच होती.

त्यांचा उलटा हात मात्र कच्चा होता. डावीकडे चेंडू गेला की मनगट वाकडे पडे. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. लखीरामला दिसली होती आणि निजामुद्दीनला ऐकू आली होती. खुद्द वकीलसाहेबांना ती माहीत नव्हती. माहीत कशी होणार? नऊ वर्षांत त्यांच्या डाव्या बाजूला चुकून एखादाच चेंडू आला होता. इतर मेंबरांना तिकडे मारता येत नसे. आणि लखीराम मारत नसे.

अडुसष्ट साल उजाडले. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी व्हरांड्यात वकीलसाहेब मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते. विलायतेत नवा नियम झाला होता. पगारी खेळाडूंना हौशी खेळाडूंबरोबर स्पर्धेत उतरायची मुभा मिळाली होती.

"मग आपण काहून मागं राहायचं?" वकीलसाहेब म्हणाले. "यंदा लखीरामलाही घ्या."

सेक्रेटरी म्हणाले, "मार्कर हाये तो, वकीलसाहेब. रोज खेळते. मेंबर लोकायले हरवून टाकीन."

वकीलसाहेब हसले. "आठवड्यातून तीनदा मीच त्याला हरवतो. येऊ द्या की. त्या बिचाऱ्यालाही हौस असेल."

यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरेच तसे वाटत होते. लखीराम खाली कुंडीला पाणी घालत होता. त्याने ते ऐकले. पाणी कुंडीबाहेर वाहू लागले, तेव्हा त्याला कळले की आपण थांबलो नाही.

तो निजामुद्दीनकडे गेला. उस्ताद माठाजवळ बसून तात ओढत होता. त्याने सगळे ऐकून घेतले. हातातली तात खाली ठेवली.

"त्या पाटीले दर साली मी तेल लावतो," तो म्हणाला. "नावं दिसत नाहीत. बोटाले लागतेत. रंग जाड हाये. कलेक्टर हाये, डाक्टर हाये, वकील हाये. मार्कर एक बी नाही."

"उस्ताद, पन वकीलसाहेब..."

"वकीलसाहेब काय?"

"चांगले हायेत."

"चांगले हायेत म्हनूनच त्यायनं तुले बोलावलं," निजामुद्दीन म्हणाला. "तुही कारागिरी मी दहा साल ऐकून राह्यलो. एक डाव खेळ ऐकव. मंग मले उचलून न्या."

स्पर्धा डिसेंबरात होती. तोवर उस्तादाने एका मेंबराने टाकून दिलेले रॅकेट घासूनपुसून त्याला नवी तात चढवली. इतकी ताठ, की बोटाने छेडले तर वाजे.

पहिल्याच फेरीत पुसदचे डॉक्टर आले. ते तिकडचे नावाजलेले खेळाडू. लखीरामने त्यांना पाऊण तासात घरी पाठवले. सहा-शून्य, सहा-एक. व्हरांड्यातल्या खुर्च्या पुढे सरकल्या. इतकी वर्षे जो माणूस सगळ्यांकडून सहा-चार हरत होता, त्याचा चेंडू मुरमावर पडून शिट्टीसारखा निघून जात होता. पुढे वणीचा एक जण आला, दारव्ह्याचा एक आला. दोघेही गेले. लखीराम उन्हातून खेळला, सावलीतून खेळला. त्याला काही फरक पडला नाही.

रविवारी वकीलसाहेबांशी शेवटची लढत ठरली.

आदल्या संध्याकाळी जमनी भाकरी थापत होती. घरी दोघे गोर बोलीत बोलत. पण टेनिसचा विषय निघाला की वऱ्हाडीवर येत, कारण त्या खेळाला तांड्याच्या बोलीत शब्दच नव्हते.

"मले एक सांगा," जमनी म्हणाली. "दोन शहाने मानसं जाळीच्या दोन बाजूले उभे राहतेत. एकाची वस्तू दुसरा परत करते. मंग तो पुन्हा याले परत करते. कोनालेच नको हाये तर आनता कायले?"

लखीराम हसला. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"तुमी जिंकले तर वकीलसाहेब राग धरतीन काय?"

"माहीत नाही."

"आन् हारले तर?"

लखीरामने थोडा विचार केला. "हारलो तर कोनालेच काही वाटनार नाही," तो म्हणाला. "मी तर रोजच हारतो."

तिने त्याच्याकडे पाहिले. मग दुसरी भाकरी त्याच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "मी उद्या येतो पाह्याले."

रविवारी साडेतीनला तारेच्या कुंपणाबाहेर तांड्यावरची वीसेक माणसे उभी होती. तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, रामसिंग मोठे पागोटे बांधून आला होता. बायांच्या ओढण्यांवरची आरशांची भिंगे उन्हात लखलखत होती. सेक्रेटरींनी त्यांना बाजूला व्हायला सांगितले. खेळाडूंच्या डोळ्यांवर चमक येते म्हणून. बाया दोन पावले सरकल्या आणि पुन्हा पुढे आल्या.

नाणेफेक झाली. वकीलसाहेबांनी पहिली सर्व्हिस घेतली. बाजू निवडायचा हक्क लखीरामचा होता. त्याला कोणी विचारण्याआधीच तो चालत उन्हाच्या बाजूला गेला आणि खड्ड्यात जाऊन उभा राहिला.

वकीलसाहेबांची सर्व्हिस आली. लखीरामने परतवली. चेंडू कमरेच्या उंचीवर, उजव्या हाताला, एका पावलावर पडला. वकीलसाहेबांनी तो कोपऱ्यात मारला.

"बढिया, साहेब," लखीराम म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला ते ऐकू आले.

त्याने पुढचा चेंडू डावीकडे मारायचे ठरवले. ठरवलेही, पाहिलेही. हात फिरला. चेंडू उजवीकडेच गेला. तो घाबरला नव्हता. पाय हलके होते, श्वास चांगला होता. पण वकीलसाहेबांचा पांढरा सदरा त्या बाजूने दिसला की हात आपल्या कामाला लागत होता. नऊ वर्षांचे काम. मालकाला न विचारता बैल जसा ओळखीच्या वाटेला लागतो, तसा.

पहिला गेम गेला. बाजू बदलायची वेळ आली. लखीराम सावलीच्या बाजूला आला आणि भांबावला. वकीलसाहेबांसमोर तो या बाजूला कधी उभाच राहिला नव्हता. ऊन पाठीवर होते. समोर वकीलसाहेब टोपी खाली ओढून उभे होते. जागेवर दुसराच माणूस आल्यासारखे वाटले. त्याचे दोन चेंडू नेटमध्ये गेले, दोन बाहेर. बघता बघता शून्य-पाच झाले.

कुंपणाबाहेर रामसिंग नायकाने जमनीला विचारले, "पाच कोनाचे?"

"त्यायचे."

"मंग आपलं काय?"

"आपलं चालू हाये," जमनी म्हणाली.

पुन्हा सावलीची बाजू आली. या वेळी लखीरामने एक चेंडू सहज डावीकडे मारला. मारायचे ठरवलेही नव्हते. वकीलसाहेब त्याच्याकडे गेले, मनगट वाकडे पडले आणि चेंडू वर उडून कडुनिंबापलीकडे गेला. लखीरामने स्वतःच्या हाताकडे पाहिले. हात मोकळा होता. या बाजूची त्याला कसलीच सवय नव्हती. चांगली नव्हती, तशी वाईटही नव्हती. त्याने ते दोन्ही गेम घेतले. मग उन्हात परतला आणि पहिला सेट दोन-सहा हरला.

दुसरा सेट विचित्र झाला. असा खेळ क्लबात कोणी पाहिला नव्हता. सावलीत लखीराम दुसराच माणूस होता. तिथून त्याने एकही गेम सोडला नाही. उन्हात गेला की मार्कर होई. तिथून त्याने एकच गेम घेतला, आणि तोही वकीलसाहेबांनीच दिला. त्यांनी चार वेळा दोन्ही सर्व्हिस बाहेर मारल्या. सेट लखीरामला मिळाला. सहा-चार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकडा रोजचाच होता, पण उलटा.

पाणी प्यायला तो माठाजवळ आला. निजामुद्दीनने मान वर केली नाही.

"तिकून मारतो तवा तात बोलते," तो हळू आवाजात म्हणाला. "इकून मारतो तवा मुकी होते. काहून?"

"हात ऐकत नाही, उस्ताद."

"माहाच शिकोलेला हात हाये. कसा ऐकीन?" निजामुद्दीनने पेला त्याच्या हातातून घेतला. "जा. मले सांगता येत नाही. मी बी तिथून कवाच जिंकलो नाही."

तिसरा सेट सुरू झाला तेव्हा ऊन तिरपे झाले होते. सावलीतून लखीराम जिंकत गेला. उन्हातून हरत गेला. एक-शून्य. एक-दोन. तीन-दोन. तीन-चार. पाच-चार. व्हरांड्यातल्या सेक्रेटरींना हिशेब कळला आणि ते खुर्चीच्या कडेला येऊन बसले. आता एक गेम. लखीरामने घेतला तर सामना त्याचा. सर्व्हिसही त्याचीच होती. आणि बाजू उन्हाची होती.

तो चालत गेला. ऊन आता डोळ्यांच्या रेषेत आले होते. समोर वकीलसाहेब म्हणजे नुसता एक काळा आकार. तो आकार त्याला पाठ होता.

त्याने सर्व्हिस केली. पाय आपोआप उजवीकडे सरकले आणि खड्ड्यात बसले. चेंडू परत आला. हाताने तो नेमका वकीलसाहेबांच्या उजव्या हाताला दिला. त्यांनी कोपऱ्यात मारला. दुसऱ्या वेळीही तेच झाले. लव्ह-थर्टी, दोन्ही गुण साहेबांचे.

"बढिया, साहेब," असे शब्द ओठांशी आले. या वेळी त्याने ते गिळले. मान खाली घातली. आणि त्याला स्वतःचे पाय दिसले.

दोन्ही पाय खड्ड्यात होते. टाचा टाचांच्या जागी, चवडे चवड्यांच्या जागी. सोमवारी भरलेला मुरूम आठवडाभरात निघून गेला होता. इथे तोही उभा राहिला होता आणि त्याच्याआधी उस्ताद उभा राहिला होता. मिळून तीस वर्षे. इथे पाय ठेवला आणि समोर वकीलसाहेब असले की पुढे काय करायचे ते शरीराला सांगावे लागत नव्हते. हात दोषी नव्हता. हाताला पायांकडून निरोप जात होता.

लखीराम खड्ड्यातून बाहेर आला. सर्व्हिस केली. पाय उजवीकडे निघाले, तेव्हा त्याने ते ओढून धरले आणि दोन पावले डावीकडेच राहिला. ही जागा चुकीची होती. उजवीकडचे अर्धे कोर्ट उघडे पडले. कोणत्याही शिकवणाऱ्याने कान धरला असता. वकीलसाहेबांचा चेंडू तिकडेच आला. त्याला धावावे लागले. धावताना त्याला जाळी नव्या कोनातून दिसली, रेघ नव्या कोनातून दिसली, आणि हाताला काय करायचे ते सांगावे लागले. त्याने सांगितले.

चेंडू रेघेला धरून सरळ वकीलसाहेबांच्या डाव्या हाताला गेला.

माठाशेजारी निजामुद्दीनची मान वर झाली. त्याने तात ऐकली होती.

वकीलसाहेबांचे मनगट वाकडे पडले. चेंडू नेटमध्ये गेला. पुढचा बाहेर गेला. थर्टी ऑल, बरोबरी. मग फॉर्टी-थर्टी, आता एकच गुण हवा होता.

शेवटचा डाव लांबला. वकीलसाहेब लढवय्ये होते. ते आता डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून राहिले. उलट्या हाताने, वाकड्या मनगटाने, दात आवळून त्यांनी एक परतवला, दुसरा परतवला, तिसराही परतवला. चौथा उंच आला. लखीरामने वर पाहिले, मग समोर पाहिले. वकीलसाहेबांचा उजवा कोपरा रिकामा होता. नऊ वर्षांत तो कोपरा त्याने रिकामा पाहिला नव्हता. तिथे नेहमी माणूस असे, आणि तो माणूस हलू नये म्हणून लखीराम राबत असे.

त्याने चेंडू तिथेच दिला. कमरेच्या उंचीवर. आज तिथे कोणी नव्हते.

सेक्रेटरींनी आकडा मोठ्याने सांगितला. कुंपणाबाहेर कोणाला काही कळले नाही. मग जमनी म्हणाली, "झालं," आणि तांडा ओरडू लागला. रामसिंग नायकाने पागोटे काढून पुन्हा बांधले. निजामुद्दीन उठून उभा राहिला होता आणि चुकीच्या दिशेला तोंड करून हसत होता. लखीराम जाळी ओलांडून गेला. त्याने उस्तादाचे पाय धरले, तेव्हा उस्तादाने त्याच्या उजव्या हाताचे मनगट चाचपडून शोधले आणि ते बराच वेळ सोडले नाही.

वकीलसाहेबांनी हात मिळवला. ते दमले होते. त्यांनी लखीरामकडे नीट पाहिले. वकील माणूस. साक्षीदाराच्या एका वाक्यावरून मागची सगळी जबानी त्यांना दिसत असे.

"नऊ वर्षं?" त्यांनी विचारले.

लखीरामला खोटे बोलता येईना. खरेही बोलता येईना. त्याने वाकून पायाजवळचा चेंडू उचलला.

"बरं," वकीलसाहेब म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

आठ दिवस ते क्लबात आले नाहीत. मेंबर कुजबुजू लागले. सेक्रेटरी लखीरामशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलू लागले, त्याचीही जमनीला भीती वाटली. लखीराम रोज कोर्ट झाडत होता. सोमवारी तो घमेल्यात मुरूम घेऊन खड्ड्याजवळ बसला. थोडा वेळ तसाच बसून राहिला. आणि मुरूम न भरता उठला.

त्याच आठवड्यात पाटी रंगवायला पेंटर आला. सेक्रेटरींनी कागदावर लिहून दिले होते, एल. बी. राठोड. बाकीची नावे तशीच होती. लखीराम शिडीखाली उभा राहून म्हणाला, "साहेब, एक शब्द अजून लिहा. पुढं मार्कर लिहा."

"कायले रे? खेळाडू म्हनून जिंकला तू. मार्कर कायले लिहाचं?"

"डाक्टराच्या नावापुढं डाक्टर हाये, साहेब. वकिलाच्या पुढं वकील हाये."

सेक्रेटरी पाटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेंटरला हात केला.

रंग सुकायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी लखीरामने निजामुद्दीनला व्हरांड्यात आणले, स्टुलावर उभे केले. म्हाताऱ्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. अक्षर त्याला येत नव्हते. पण वरच्या आठ ओळी एकसारख्या लागत होत्या आणि ही नववी वेगळी लागत होती. तो बोट पुढे नेत नेत शेवटच्या शब्दापर्यंत गेला.

"हे काय हाये?"

"मार्कर," लखीराम म्हणाला.

निजामुद्दीनने बोट तिथेच ठेवले. "लंबा शब्द हाये," तो म्हणाला. "दोघं मावतेत."

नवव्या दिवशी संध्याकाळी वकीलसाहेबांची मोटार आली. ते कोर्टावर उतरले. रॅकेट हातात, टोपी डोक्यावर. लखीराम चेंडू घेऊन उन्हाच्या बाजूला निघाला.

"थांब," वकीलसाहेब म्हणाले. "तू तिकडे जा."

त्यांनी रॅकेटने सावलीकडे खूण केली, आणि ते स्वतः उन्हात चालत गेले. मागच्या रेघेपाशी पोचल्यावर त्यांचा पाय थोडा मुरगळला. त्यांनी खाली पाहिले.

"लखीराम, इथं तर खड्डा आहे. स्पर्धेत खेळताना लक्षातच आला नाही."

"हौ साहेब. हाये."

"कधीपासून?"

"निजामुद्दीनच्या वक्तापासून."

"मग नऊ वर्षांत मला सांगितलं नाहीस कधी?"

"रोजच्या खेळात तुमचं इकडं येनं झालं नाही, साहेब," लखीराम म्हणाला.

वकीलसाहेबांनी खड्ड्यात दोन्ही पाय ठेवून पाहिले. डोळ्यांवर हात आडवा धरून समोर पाहिले.

"काही दिसत नाही इथून," ते म्हणाले. "चल, मार. डाव्या हाताला मार. आणि सोपा देऊ नकोस."

लखीरामने चेंडू एकदा जमिनीवर आपटला. मग त्याने तो डाव्या हाताला मारला, जोरात. माठाशेजारी निजामुद्दीनने मान हलवली.